थंडीला पाट देणारी हौसाक्का

हौसाक्काला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती लुगड्यावर लष्करी ओव्हरकोट चढवून अंगणात गोधड्या बडवत होती. कोट नवऱ्याचा. नवरा फौजेत, आणि त्याचा कोट हिच्या घोट्यापर्यंत पोचलेला. डोक्याला लोकरीची कानटोपी, पायांत मात्र काहीच नाही. मी सांगलीहून पाटणच्या मुलींच्या शाळेत नोकरीला आले होते. दिवाळीची सुट्टी नुकतीच संपली होती. हातात वळकटी, आणि या बाईंकडे एक खोली भाड्याने मिळेल असं शाळेतल्या शिपायाने सांगितलेलं. मी फाटकातच थबकले. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"बाई, कुटल्या गावच्या?"

"सांगलीच्या."

"मग थंडी ठावं न्हाई तुमास्नी," असं म्हणून तिनं खोली दाखवायच्या आधी एक गोधडी माझ्या हातात कोंबली. "वास घ्या. उनाचा येतोय का न्हाई?"

येत होता. आणि थंडीबद्दल तिचं म्हणणंही खरंच होतं. आमच्या सांगलीत थंडी म्हणजे दिवाळीच्या पहाटे उटणं लावताना दात वाजतील तेवढी. कृष्णेच्या घाटावर सकाळी फिरायला जाणारे चार म्हातारे मफलर गुंडाळतात, संपली थंडी. पाटणला सकाळी कोयनेवरून धुकं चढायचं आणि शाळेची घंटा ऐकू यायची पण शाळा दिसायची नाही. मी जन्माची थंडीभित्री. पहिल्याच आठवड्यात बदलीचा अर्ज लिहायचा असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

हौसाक्कानं ते ओळखलं असावं. ती मला म्हणाली, "बाई, थंडीच्या म्होरं पळायचं न्हाई. ती पावनी हाय. दारात हुभी ठिवली तर रुसून आंगात शिरती. तिला पाट द्यावा, बसवावं, च्या पाजावा. मग गुमान बसती."

आणि ती खरोखरच थंडीची सरबराई करायची. दुपारी गोधड्या दगडी कंपाउंडवर पसरायच्या आणि ऊन कलायच्या आत घडी घालून घरात आणायच्या, कारण उशीर झाला की "ऊन निगून जातंय आन् निसतं कापाड हातात ऱ्हातंय." चुलीच्या कडेला विटा लावून ठेवायच्या. संध्याकाळी त्या जुन्या खाकी पट्ट्यांत गुंडाळून स्वतःच्या अंथरुणात पायथ्याशी सरकवायच्या. माझ्याही. पहिल्या दिवशी पायाला काहीतरी गरम लागलं तेव्हा मी मांजर समजून किंचाळले होते, आणि ती गोष्ट तिनं सगळ्या आळीला रंगवून सांगितली. आठवडी बाजारातून बाजरी यायची, भाकरीवर लोण्याचा गोळा, वर तिळाची चटणी. चहात गवती चहा आणि आलं, तोही नवऱ्याच्या पांढऱ्या लष्करी मगातून. तो मग दोन्ही हातांत धरायचा, लगेच प्यायचा नाही. "आदी हात पितील, मग तोंड," असा तिचा नियम होता.

दिवेलागणीला अंगणात शेकोटी पेटायची. शेजारचे म्हादूअण्णा, दोन-चार बायका, सगळी आपापली घोंगडी घेऊन यायची. राखेत रताळी पुरलेली असायची. गप्पा संपून माणसं घरोघर पांगली की हौसाक्का शेकोटीच्या उबेला तिथेच बाज टाकायची, कोट घालायची, वर तीन गोधड्या घ्यायची आणि उघड्यावर झोपायची. भर थंडीत! सकाळी तिच्या वरच्या गोधडीवर दव साचलेलं असायचं. मी तिच्यावर बेहद्द खूश होते. थंडीवर एवढं प्रेम करणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. माझा बदलीचा अर्ज राहून गेला तो तिच्यामुळेच.

एक गोष्ट तेवढी मला कळायची नाही. पहिल्या दिवशी माझी खोली लावताना तिनं फळीवर एक तांब्या ठेवला, त्यावर एक फुलपात्र पालथं घातलं आणि त्या फुलपात्रावर दुसरं, तेही पालथं. "ह्याला हात लावायचा न्हाई, बाई," एवढंच म्हणाली. असाच मनोरा तिच्या आतल्या खोलीच्या फळीवरही होता. मला वाटलं, असेल काही देवाधर्माचं. एकदा पाणी प्यायला मी वरचं फुलपात्र उचललं, तर तिनं हातातून काढून घेऊन परत जागेवर ठेवलं आणि मला मगातून पाणी दिलं.

पावसाळा आला आणि माझं कौतुक जरा गोंधळात पडलं. पाटणचा पाऊस म्हणजे छत्रीची चेष्टा. अंगणात झोपणं शक्यच नव्हतं. पण हौसाक्का तरीही घरात झोपायला आली नाही. ती गोठ्यात गेली, म्हशीच्या शेजारी, गवताच्या छपराखाली. मी विचारलं तर म्हणाली, "म्हशीची ऊब लय ग्वाड." आता यावर सांगलीच्या बाईनं काय बोलावं?

दुसऱ्या वर्षी थंडीच्या तोंडाशी तिची लेक सुशी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा सगळं उलगडलं. संध्याकाळी हौसाक्का अंगणात बाज टाकत होती आणि सुशी ओसरीवरून म्हणाली, "आई, औंदा तरी आत नीज की गं."

हौसाक्का बाजेवर गोधड्या अंथरत राहिली. मग सुशीनंच मला सांगितलं. पाच-सहा वर्षांपूर्वी कोयनेचा भूकंप झाला तेव्हा हौसाक्का याच जागेवरच्या जुन्या घरात झोपलेली होती. नवरा सरहद्दीवर, सुशी आजोळी. भिंत आणि आढं एकदम खाली आलं. उजाडल्यावर म्हादूअण्णांनी आणि आळीतल्या लोकांनी हातांनी दगड उपसून तिला काढलं. हाड मोडलं नव्हतं. पण तेव्हापासून ती घरात निजली नव्हती. पुढे नवं घर झालं, वर पत्रे आले, तिनं ते सारवलं, सजवलं, दिवसा त्यात स्वयंपाक केला. झोपायची वेळ आली की ती बाहेर. जमीन तर अधूनमधून हलतच असायची, थोडीशी, म्हणून ते तांब्या-फुलपात्र. फुलपात्रं पडून वाजली की आतल्या माणसांनी बाहेर पळायचं. स्वतःसाठी तिनं ती फुलपात्रं ठेवलीच नव्हती. ती स्वतः आत नसायचीच.

थंडीवरचं प्रेम म्हणून मी ज्याचं कौतुक करत होते, ती भीती होती, आणि त्या भीतीला तिनं शेकोटी, रताळी, गरम विटा लावून राहण्याजोगं करून घेतलं होतं. थंडीला पाट देण्याचं सांगत होती, तेव्हा ती नेमकं कुणाला पाट देत होती हेही मला कळलं.

सुशीला मुलगा झाला. आणि पेच उभा राहिला. बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही, बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी, दार लावलेलं, आणि रात्री जवळ मोठं बाईमाणूस हवंच. ते कोण? आई. आणि आई तर अंगणात. पहिले काही दिवस मी सोबतीला झोपले, पण मला मूल रडलं की घाम फुटायचा, सुशीपेक्षा मीच जास्त रडायचे. हौसाक्कानं तोडगा काढला की बाळंतीण गोठ्यात हलवू, गवत हलकं असतं. सुशी चिडली. "माजं लेकरू शेणात निजवू व्हय?"

तेवढ्यात सुशीची सासू बाळ बघायला आली. तांबडं लुगडं, ठसठशीत कुंकू, आवाज वेशीपर्यंत जाईल असा. तिनं अंगणातली बाज पाहिली आणि सगळं समजून घेऊन शांतपणे म्हणाली, "विहीणबाई, तुमचं दुक मला कळतंय. पर वली बाळंतीण मी एकटी ठिवायची न्हाई. आठ दिसात तुमी आत निजाय लागा, न्हाईतर मी दोगांस्नी माज्या घरी घिऊन जाती."

बाई वाईट नव्हती, बरोबरच बोलली होती. पण पहिलं बाळंतपण माहेरहून उठवून न्यायचं म्हणजे आईच्या तोंडाला काळं. हौसाक्का दिवसभर गोठा झाडत राहिली. संध्याकाळी तिनं शेकोटी पेटवली नाही. निखारे शेगडीत भरले, वीट गुंडाळली, कोट घातला आणि अंथरूण उचलून ओसरीवर आली. दुसऱ्या दिवशी उंबरठ्यावर. कमरेपासून पाय खोलीत आणि डोकं बाहेर! वारा अडवायला वर घोंगडं टांगलं होतं. ते दृश्य पाहून सुशीला आणि मला हसू आवरेना. हौसाक्का आमच्यावरच खेकसली, "हसा, हसा. डोस्कं भाईर आसलं म्हंजी झालं. पाय काय, कुटं बी ऱ्हात्यात."

मग एके दिवशी ती पूर्ण आत आली. पण झोपली नाही. भिंतीला पाठ लावून, कोटाच्या खिशात हात घालून ती फळीवरच्या फुलपात्रांकडे बघत बसायची. थंडीतही तिच्या कपाळावर घाम असायचा. सकाळी तिचे डोळे लाल दिसायचे, आणि तरी ती बाळाला न्हाऊ घालायची, तेल चोळायची, सुशीला डिंकाचा लाडू आणि हळिवाची खीर द्यायची. चार-पाच दिवसांत तिचं तोंड सुकून गेलं. मी म्हणाले, "हौसाक्का, असं किती दिवस चालणार?"

"आत आलीया न्हवं? झोप लागायलाच पायजे आसं कुनी सांगितलंय?" ती म्हणाली. पण तिचा आवाज खोल गेला होता. त्या वेळी मला खरंच वाटलं की ही बाई आजारी पडणार आणि सासू सुशीला घेऊन जाणार.

तो रविवार होता. दुपारचं चांगलं ऊन होतं. मी अंगणात गोधड्या उलटत होते. आत बाळाचं न्हाणं झालं होतं, धुरीचा वास ओसरीपर्यंत येत होता. आणि जमीन हलली. मोठी नाही, पायाखालून जड मालमोटार गेल्यासारखी. माझ्या खोलीतून फुलपात्रं खणखणत फरशीवर पडल्याचा आवाज आला, पाठोपाठ आतल्या खोलीतूनही. आळीभर आरडाओरडा झाला. चुलीपाशी बाळाला पाजत बसलेली सुशी त्याला छातीशी धरून धावत अंगणात आली. म्हादूअण्णा काठी टाकून आले. क्षणात सगळं थांबलं. कावळे तेवढे ओरडत होते.

"आई कुटाय?" सुशी म्हणाली.

सगळ्यांनी शोधायला सुरुवात केली. म्हादूअण्णा गोठ्यात डोकावले, एकजण आडाकडे धावली, मी परसात गेले. इतक्या वर्षांची सवय! जमीन हलली की हौसाक्का बाहेर असायचीच, सगळ्यांच्या आधी. सुशीलासुद्धा वाटलं होतं की आई केव्हाच बाहेर पोचली असेल. घरात बघावं असं एकाच्याही डोक्यात आलं नाही. शेवटी हाका मारून थकल्यावर मी भीतभीत आतल्या खोलीत गेले.

हौसाक्का बाळाच्या रिकाम्या दुपट्याशेजारी कोटासकट आडवी पडली होती. पाय विटेवर, एक हात शेगडीच्या बाजूला पसरलेला, तोंड उघडं. पितळेचं फुलपात्र घरंगळत तिच्या कानापाशी येऊन थांबलं होतं, आणि ती घोरत होती.

मला वाटलं होतं मी ओरडेन, पण मी दाराला टेकून नुसती हसत सुटले आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. माझ्यामागून सुशी आली, म्हादूअण्णा दारात आले. गलक्यानं हौसाक्का जागी झाली. एवढी माणसं बघून तिनं आधी पदर सारखा केला.

"काय झालं रं?"

"आवं, जिमीन हलली!" म्हादूअण्णा म्हणाले. "तुमास्नी सारी आळी हुडकतीया!"

हौसाक्कानं वर आढ्याकडे पाहिलं. पत्रे जागेवर होते, तुळया जागेवर होत्या. मग तिनं ते पडलेलं फुलपात्र हातात घेतलं, पदराला पुसलं. ती एक मोठी जांभई देऊन म्हणाली, "हलली आसंल. एवडी थंडी पडलीया, तिला बी हुडहुडी भरत आसंल की."

आणि परत आडवी झाली. आम्ही बाहेर आलो, दार ओढून घेतलं. दिवेलागण झाली तरी ती उठली नाही, आणि तिला उठवायचं नाही म्हणून सुशीनं आळीतल्या पोरांना फाटकातच गप्प केलं. उठल्यावर हौसाक्कानं चहा टाकला. मला दिला तो मगातून नाही, त्या फुलपात्रातून. फळीवर नंतर कधी मनोरा रचला गेला नाही. सासूबाई आठव्या दिवशी आल्या, आतल्या खोलीत दोन अंथरुणं बघितली आणि सव्वा महिना पुरा होईपर्यंत परत काही बोलल्या नाहीत. शेकोटी मात्र चालूच राहिली, रताळीही. फक्त पांगापांग झाली की हौसाक्काही बाकीच्यांसारखी "लय गारठलं बाई" म्हणत घरात जायची.

पुढे माझी सांगलीला बदली झाली. निघताना तिनं मला एक फुलपात्र दिलं, आणि एक वीटही देत होती. ती मी नको म्हणाले, याचं मला अजून वाईट वाटतं. सांगलीत विटा पुष्कळ, पण तशी गरम राहणारी एकही सापडली नाही.

बऱ्याच वर्षांनी सुशी एका लग्नात भेटली. गळ्यात पडून म्हणाली, "आई गेली, बाई. मागच्या थंडीत." माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. कशी गेली, आजारी होती का, मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, "झोपेतच गेली. आतल्या खोलीत, कोट पांघरून."

आतल्या खोलीत. रडायला येत होतं, आणि तरी मला एवढं हायसं वाटलं की मी सुशीचा हात सोडलाच नाही.