पुढच्या दोन दातांमधली फट

गल्लीत तिला सगळे दातवाली म्हणत आणि तिला त्यात काही वावगं वाटत नसे. तोंडात हात घालायचे डॉक्टर, नावही व्हायचं डॉक्टरांचं, पण कवळ्या घडवायची ही. तिसऱ्या मजल्यावर, खिडकीला चिकटवलेल्या टेबलाशी बसून तिने शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची तोंडं भरली होती. बाजारात कुणी खळखळून हसलं की ही माणसाकडे न बघता दातांकडे बघायची आणि मनात म्हणायची, हं, वरची आपली, खालची कुणा धांदरटाची.

कामाच्या खोलीतलं दार उघडलं की घर. घरात ती आणि गणितबाई. गणितबाई सरकारी शाळेत गणित शिकवायची आणि दातवालीची बायको होती. हे वाक्य सांगायला सोपं आहे, कचेरीत खपवायला नाही. अकरा वर्षांपूर्वी दोघी सुट्टी काढून तिकडे, म्हणजे जिथे अशी लग्नं सरकारदरबारी होतात त्या देशात गेल्या आणि रीतसर लग्न करून आल्या. दाखल्याला प्लास्टिकचं आवरणही घालून घेतलं. इकडे त्याला काडीची किंमत नव्हती. टेबलाच्या हलत्या पायाखाली घालायला जाडी अगदी बरोबर आहे, असं गणितबाई अधूनमधून म्हणायची. घातला मात्र तिने कधीच नाही.

घोडं अडलं होतं बदल्यांपाशी. नवराबायकोला शक्यतो एकाच गावात ठेवावं, असा शिक्षणखात्याचा नियम. एकट्या बाईला मात्र कुठेही पाठवता येतं. खात्याच्या लेखी गणितबाई एकटी, त्यामुळे बदली निघाली की पहिला नंबर हिचा. तिसरी बदली पाच तासांवरच्या गावी झाली. सोमवारी पहाटे जायचं, शनिवारी दुपारी यायचं. साहेबांना तिने दाखला दाखवला तेव्हा त्यांनी तो कौतुकाने उलटसुलट पाहिला आणि छपाई सुंदर आहे म्हणाले.

अशात तिकडच्या एका शाळेचं पत्र आलं. गणिताची बाई हवी, जोडीदाराला सोबत आणता येईल, पंधरा तारखेपर्यंत कळवा. पत्रातला जोडीदार हा शब्द गणितबाईने तीनदा वाचून दाखवला. दातवालीने तिन्ही वेळा मान डोलावली आणि हो काही म्हटलं नाही.

कारणांना तोटा नव्हता. भाषा येत नाही, थंडी सोसत नाही, हातातली कामं अर्धवट आहेत. शेवटी तर ती म्हणाली, कुठेही जा, पळसाला पानं तीनच. त्यावर गणितबाई शांतपणे म्हणाली, मग तिथे जाऊन मोजू. खरं कारण दोघींना ठाऊक होतं. ते दोन चौक पलीकडे शिवणयंत्रावर बसलेलं असायचं.

दातवालीचे वडील शिंपी. लग्नाचं कळलं त्या दिवशी त्यांनी हातातली कात्री खाली न ठेवताच सांगितलं होतं, या दुकानाची पायरी पुन्हा चढायची नाही. ती चढली नाही. बाप तशी लेक, दोघं सारखेच हट्टी. आई आधीच गेलेली, मध्ये पडायला कुणी नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार न्यायची कुणाकडे? अकरा वर्षं ती बाजारात जाताना समोरच्या फुटपाथवरून जायची आणि कपड्यांआडून म्हाताऱ्याचं टक्कल दिसलं की पिशवी दुसऱ्या हातात घेऊन पुढे चालू लागायची. तिकडे गेल्यावर तेही दिसणार नव्हतं.

पंधरा तारखेला नऊ दिवस उरले असताना डॉक्टरांकडून एक साचा आला. सोबत नेहमीसारखी चिठ्ठी. नाव नाही, नुसता नंबर. पुरुष, वय बहात्तर, वरची पूर्ण कवळी. पुढचे दात सलग, फट नको. तिने खालच्या जबड्याचा साचा उजेडात धरला आणि हात तिथेच थबकला. खालच्या पुढच्या एका दाताला बारीक खाच होती, दोरा जाईल एवढी. वर्षानुवर्षं दातांनी दोरा तोडणाऱ्या माणसालाच अशी खाच पडते. ही खाच तिने लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून बोटाने चाचपली होती.

त्या दिवशी तिने दुसरं काम हातात घेतलं नाही. गणितबाईला फोनवर सांगितलं. गणितबाई म्हणाली, "छान कर हं. तुझं सगळ्यात चांगलं काम होऊ दे."

तिने जीव ओतून काम केलं. अशा कामात आधी मेणात दात रोवून कच्ची कवळी पाठवतात. डॉक्टर ती तोंडात बसवून पाहतात, ठीक वाटलं तर पक्की करायची. तिने दात रोवले, रंग जुळवला, पाठवून दिली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. ताई, चिठ्ठी वाचली नाही का, पुढे चांगली फट ठेवलीय. वीस वर्षांत तिने चिठ्ठीबाहेरचं काही केलं नव्हतं. पण वडिलांच्या वरच्या दोन दातांत फट होती. त्या फटीतून ते अशी शीळ घालायचे की चार गल्ल्या पलीकडे खेळणारी ही पोर धूम ठोकत घरी यायची. डोक्याने चिठ्ठी वाचली होती, बोटांनी वाचली नव्हती. चुकलं, बदलून देते, असं ती पुटपुटली.

"थांबा," डॉक्टर म्हणाले. "पेशंट ती तोंडातून काढू द्यायलाच तयार नव्हता. खुर्चीत बसून शिट्ट्या मारत होता. आणि कुणी बनवली ते विचारत होता."

कुणी बनवली ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. पण शनिवारी दुपारी जिना करकरला आणि दारात वडील उभे राहिले, तोंडावर रुमाल धरून. कच्ची कवळी डॉक्टरांकडे, वरचे दात काढलेले, त्यामुळे तोंड बोळकं. दात नसताना रागावणं फार कठीण असतं. त्यांनी प्रयत्न करून पाहिला आणि सोडून दिला. पत्ता कुणी दिला, असं तिने विचारलं. तो अकरा वर्षं माहीत होता म्हणाले.

"चिठ्ठीत नको लिहिलं होतं ना?" त्यांनी विचारलं.

"चुकून झालं, बाबा. पण तुम्ही नको का म्हणालात?"

"शीळ घालून बोलवायला घरात उरलंय कोण?"

दातवाली उठली, त्यांना स्टूल दिलं आणि पाणी आणायच्या निमित्ताने आत जाऊन रडून आली. बाहेर आली तेव्हा गणितबाई गावाहून येऊन दारात उभी होती, बॅग खांद्यावर तशीच. कुणी कुणाची ओळख करून दिली नाही. म्हाताऱ्याने फक्त तिला शिंप्याच्या नजरेने खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"तुमचा उजवा खांदा उतरलाय," ते म्हणाले. "बोटभर. ब्लाउज नीट बसत नसेल."

"बॅगेने," गणितबाई म्हणाली. "दर शनिवारी, दर सोमवारी."

"किती वर्षं?"

"सहा."

मग त्यांनी सगळं विचारून घेतलं, नियम, बदल्या, साहेब, छपाई. तिकडच्या पत्रावर बोलणं आलं तेव्हा दातवाली घाईने म्हणाली, "ते आता राहू दे. बाबा आले. आता मी कुठेही जात नाही."

गणितबाईने बॅग खाली ठेवली. तिचा चेहरा पडला, आणि तो दोघांनीही पाहिला.

म्हाताऱ्याने रुमाल खिशात घातला. "दोन चौक चालत यायला मला अकरा वर्षं लागली," ते म्हणाले. "आणि मी तुझा बाप. त्या कचेरीत माझ्यासारखे किती बसलेत, आणि त्यांची तू कुणीच नाहीस. कुठवर वाट बघणार? जा."

होकार चौदा तारखेला गेला. पक्की कवळी दातवालीने स्वतः दुकानात नेऊन दिली, पायरी चढून. तेव्हापासून निघेपर्यंतचे दोन महिने दोघींचं रविवारचं जेवण दुकानामागच्या खोलीत व्हायचं. म्हाताऱ्याने गणितबाईला उजव्या खांद्यात जास्तीचा कापूस भरून एक कोट शिवून दिला. तिकडे बॅग वाहावी लागणार नाही, खांदा वर येईल, तेव्हा उसवून घे म्हणाले. तोवर तुम्हीची तू झाली होती.

जायच्या दिवशी सकाळी ते निरोपाला आले नाहीत. गिऱ्हाईक यायचंय, असा निरोप पाठवला. टॅक्सी दोन चौक गेली आणि मागून शीळ आली, लांब, शेवटी वर चढणारी. दातवालीने ड्रायव्हरला थांबवलं आणि गाडी पुरती थांबायच्या आतच दार उघडलं. पाय जुन्याच सवयीने धावले.

म्हातारा गळ्यात टेप घालून दुकानाच्या पायरीवर उभा होता. काय झालं म्हणून तिने धापा टाकत विचारलं. काही नाही, वाजते का ते बघत होतो, म्हणाले. मग टॅक्सीच्या खिडकीतून बघणाऱ्या गणितबाईकडे पाहत त्यांनी लेकीला विचारलं,

"कवळी वर्षभराने सैल होते म्हणालीस ना?"

"होते. हिरड्या आत बसतात, मग नीट करून घ्यावी लागते."

"दुसऱ्या कुणाकडून करून घेणार नाही मी. वर्षाने या. दोघी."

ती हो म्हणाली आणि टॅक्सीकडे परत निघाली. या वेळी शीळ आली नाही. दोरा तोंडाने तोडत ते कामाला बसले होते.