बँकॉकले उतरायचं होतं

ये वं पोरी, सरक अशी जवळ. तो फोन ठेव बाजूले. इतकी शिकली, इतक्या दूर संसार मांडला, अन् माय विमानातून उतरली तं तिचा फुटलेला ओठ पाहून 'बसचा दांडा लागला' एवढ्यावर गप बसली? माय सांगते अन् लेक मानते! येडी कुठची. दांड्यानं ओठ फुटते, गालावर पाच बोटं नाही उमटत. तथी तू ओली बाळंतीण, तुले काय सांगू? आता मी घरी आली तं तुले जवळ बसवल्यासारखं पत्रात लिहून काढते.

तू काढलेल्या तिकिटात बँकॉकले विमान बदलायचं होतं. सकाळी उतरायचं, रात्री दुसरं धरायचं. तू बजावलं, 'आई, खुर्चीवर बसून राहजो, हलू नको.' पण तुह्या काकाची पोरगी, आपल्या भिंतीपलीकडची, ती म्हणे, "मोठी आई, दिवसभर कायले बसशील? बाहेर निघता येते. शिक्का मारतात अन् सोडतात."

ते माह्या डोक्यात घुसलं. काहून घुसलं ते ऐक.

तू लहान होती. आपल्या दिग्रसात बियाण्याचं, फवाऱ्याच्या औषधाचं दुकान ज्याचं, तो एकदा तरी बँकॉक पाहून येतेच. माल जास्त खपवला का कंपनी नेते. तुहे बाबा अन् काका, दोघं भाऊ गेले. वाघापाशी बसलेला फोटो घेऊन आले. मी वाढता वाढता विचारलं, "कसं आहे हो तथी? मोठी नदी आहे म्हणतात." काका मान खाली घालून हसला. तुह्या बाबानं भरला तांब्या उचलला अन् माह्या कपाळावर हाणला. भुवई फाटली, रक्त वरणात पडलं. वरून कमरेत लाथ. "मले चौकशी करते?" तुले सांगितलं, माळ्यावरून पडली.

पुरुष तथी कायले जातात ते सगळ्या गावाले माहीत आहे. मलेही मागाहून समजलं. पण मी नदीचं विचारलं होतं वं. मार त्याच्याआधी खाल्ला, नंतरही खाल्ला, हा एक मार मात्र गिळला गेला नाही. म्हटलं, आता ती नदी आपल्या डोळ्यानं पाहायची.

मंग काय, आमचं दोघींचं सुरू झालं. अंगणातल्या चुलीवर तुह्यासाठी डिंक तळून राह्यली होती मी, अन् पोरगी फोनवर चित्रं दाखवून राह्यली होती. विमानतळावरून रेल्वे, रेल्वेतून उतरलं का नाव, नावेतून झोपलेल्या बुद्धाचं देऊळ, अन् ऊन उतरायच्या आत वापस. ती नाववाली झाली. म्हणे, "बोल, कुठं जायचं?"

"देवळापाशी सोडून दे रे बाबू. जागा धरून ठेव."

"त्याले आपली बोली नाही समजत, मोठी आई!"

"मंग शिकवीन त्याले. दिवसभर आहोच तथी."

हसता हसता तिच्या डोळ्यातून पाणी आलं. तेवढ्यात तुहा काका दुकानातून जेवायले आला. मागं उभा राहून त्यानं सगळं ऐकलं.

"वहिनी," म्हणे, "बाळंतपणाले जाता तं जा. ते काम आहे, त्याले कोणी नाही म्हणत नाही. पण दादाले जाऊन वर्ष सरलं नाही, अन् तुम्ही फिरायले उतरता? तेही बँकॉकले? दुकानात मले लोकं काय विचारतीन?"

मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही दोघं गेलते न? काय वाईट होतं तथी?"

तो काळाठिक्कर पडला. अन् पोरगी, अजून हसण्यातच होती बिचारी, म्हणून गेली, "सांगा न बाबा, काय पाह्यलं?"

त्यानं थापड नाही मारली, पंजा मारला. डाव्या कानावर. ती चुलीच्या बाजूनं पडली. वेणी धरून त्यानं तिले उठवलं अन् दाराच्या चौकटीवर डोकं आपटलं. एकदा, पुन्हा एकदा. डिंकाचं ताट लाथेनं उडालं. मी मधात पडली तं माह्या तोंडावर बसली, ओठ दातात चिरला. "रांड्यायहो, शहाण्या झाल्या!" म्हणे, अन् पुन्हा वेणी ओढली. पोरीच्या कानातून रक्त गळून राह्यलं होतं, ती ओरडतही नव्हती.

चुलीपाशी लोखंडी फुंकणी होती. कधी हातात आली ते मले समजलं नाही. मी त्याच्या कोपरावर हाणली. कडकन आवाज झाला, ओलं लाकूड मोडल्यासारखा. वेणी सुटली. तो बसला. तथी थांबता आलं असतं, पोरी. नाही थांबली मी. गुडघ्यावर हाणली, खांद्यावर हाणली. शेजारच्या बाया सांगतात, मी एकच ओरडत होती, "नदीचं विचारलं होतं! नदीचं!" मारून कोणाले राह्यली होती कोणास ठाऊक. जो मारायचा होता तो तं मेला.

तुही काकू दारात पदर तोंडात धरून उभी. मंग आत गेली, पाण्याचा गिलास घेऊन आली. नवरा हात पुढं करून म्हणे, "दे." ती त्याच्या बाजूनं निघाली अन् पोरीच्या तोंडाले गिलास लावला. तिचं लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच पाह्यलं तसं.

काकानं डॉक्टरले सांगितलं, दुकानाच्या पायरीवरून पडलो. आपल्या घरात सगळे पडतातच.

मंग मी उतरायचा बेत सोडला. म्हटलं, खुर्चीवरच बसून राहीन. निघायच्या दिवशी पोरगी बसस्टँडवर आली, कानात कापूस, कपाळावर पट्टी. नागपूरची बस लागली होती. माही पिशवी वर देत म्हणे, "उतरजो, मोठी आई. नाही उतरली तं मी मार फुकट खाल्ला."

उतरली मी. शिक्का मारणारीनं माह्या तोंडाकडं पाह्यलं अन् शिक्का मारला. रेल्वेत चुकली, एका पोरीले फोनमधलं चित्र दाखवलं तं तिनं हात धरून धक्क्यापर्यंत नेलं. नावेत बसली. नदी गढूळ, रुंद. शाळेची लेकरं, पिशव्या घेतलेल्या बाया, काठावर वाळत घातलेले कपडे. शहाळं घेतलं तं ओठाले झोंबलं. अन् मले राग आला वं, असा राग का नाव बुडवावी वाटली. एवढंच होतं! 'मोठी नदी आहे, नावा चालतात' एवढं सांगायचं होतं त्याले. त्याच्याऐवजी तांब्या हाणला.

देवळात गेलीच नाही. काठावरच बसली रडत, अन् वेळेवर वापस गेली.

आता पोरगी माह्याकडंच राहते. दोन घरांच्या मधातल्या दाराले मी आतून कडी लावते. काकाचा हात सरळ होत नाही, तो बोलत नाही, मीही नाही. पोरीचा डावा कान गेला. डॉक्टर म्हणतात, परत येत नाही. ती मले रोज विचारते, नदी कशी होती? मी रोज सांगते.

तू ये आता. लेकराले घेऊन लवकर ये. काकाले काय वाटंल ते मी पाहून घेईन. अन् तिच्याशी बोलशील तं उजव्या बाजूनं बस.