जोतीराम पेंटरांची भिंत

जोतीराम पेंटर आमचे शेजारी. मूळचे हातकणंगल्याचे. इथल्या एका सिनेमाच्या स्टुडिओत पडदे रंगवण्यात त्यांची वीस वर्षं गेली. दरबाराचा पडदा, जंगलाचा पडदा, तुरुंगाचा पडदा. मी म्हणायचो, “पेंटर, दरबार रंगवता आणि घरात खुर्ची एक न्हाय!” आतनं त्यांच्या विठाबाई हसायच्या. मग स्टुडिओ बंद पडला आणि आतलं हसूही बंद पडलं.

एकोणपन्नास सालच्या दिवाळीनंतर पेठेतल्या एका शाळेत त्यांना ड्रॉइंग मास्तर म्हणून घेतलं. हंगामी. परीक्षा दिली नव्हती ना! हेडमास्तर म्हणाले, “सव्वीस जानेवारीला पाहुणे येणार. पटांगणातल्या भिंतीवर पोरांकडून देशातले सगळ्या तऱ्हेचे लोक काढून घ्या. भिंत नीट झाली, तर तुम्हाला कायम करायची शिफारस करतो.”

पेंटरांनी पोरांना पुस्तकं मिटायला लावली. “घरातलं एकेक माणूस काढायचं. नाक हाय तसंच.” आजऱ्याच्या पोरानं भातखाचरात गुडघाभर रुतलेली आई काढली. मणेराच्या पोरीनं विकायच्या बांगड्या मनगटभर चढवलेला बाप. लिंगायत बोर्डिंगातल्या पोरानं कपाळभर भस्म फासलेला आज्जा. एकानं पैलवान काका काढला, त्याचे फुटके कान अगदी भज्यासारखे. वळिवड्याच्या सिंधी छावणीतनं येणारी लाजवंती सगळ्यात हळू. तिची दादी फाळणीत इकडं येताना वाटेतच गेली होती. फोटो कुठला असणार? पोरगी आठवून आठवून काढायची.

पण हे नंतरचं. आधी शाळेत झाडलोट करणाऱ्या तानाबाईंनी भिंतीला चुना दिला. पेंटर रंगाखाली द्यायला सरसाचं, म्हणजे कातड्या-हाडांच्या खळीचं, पातेलं घेऊन आले, तशा त्या म्हणाल्या, “मास्तर, चुन्यावर सरस चढवू नगासा. वाळला की वढतोय त्यो.”

“तानाबाई, माझा जन्म सरसात गेलाय.”

“कापडावर गेलाय.”

खरंच होतं. कापडाला सरसाचा दाट हात दिला की ते वाळून तबल्यासारखं ताणून बसतं. भिंतीला ताणायचं काय असतं, हे मीही विचारलं. पेंटर म्हणाले, “तुम्हाला पानापलीकडं चुना कळतोय व्हय?” आणि दोन हात दिले सरसाचे. दाट.

चोवीस तारखेला भिंत पुरी झाली. पेठ लोटली बघायला. विठाबाई नवं लुगडं नेसून आल्या. मी म्हटलं, “वैनी, आता खुर्ची घ्या एक.” तर हसल्या.

पंचवीसला कोरडं वारं सुटलं. दुपारी ऊन भिंतीवर आलं आणि पापड मोडल्यासारखा आवाज झाला. आधी पैलवानाचा कान पडला. मी हसलो, मोठ्यानं हसलो. मग आजऱ्याच्या आईचे हात गेले, बांगड्या गेल्या. सरस आक्रसत होता आणि चुना मुळापासून ओढून काढत होता. पेंटर धावले, दोन्ही तळवे भिंतीला लावून उभे राहिले. तळवा उचलला की खालचं तोंड तळव्याला चिकटून यायचं. पोरं ओरडत होती, “मास्तर, माझा आज्जा धरा! आज्जा धरा!”

दोनच हात. कुणाकुणाला धरणार?

दिवस मावळायच्या आत भिंत उघडी पडली. हेडमास्तर एवढंच म्हणाले, “एखादा पडदा असला तर आणा. झाकायला.” पेंटरांकडं स्टुडिओतला पडदा होता एकच, दरबाराचा. प्रजासत्ताकाच्या पहिल्या दिवशी झेंड्याच्या मागं सिंहासन, छत्र आणि चवऱ्या! एरवी एवढ्यावर मी पेठेत महिनाभर जेवलो असतो. कुणालाच सांगितलं नाही. पाहुण्यांनी पडद्याचं कौतुक केलं आणि गेले. शिफारशीचं विचारायला पेंटर गेले नाहीत. हेडमास्तरांनी मार्चपर्यंतच काम असल्याचं त्यांना तिथंच, पटांगणात सांगितलं.

पोरं पांगली. लाजवंती तेवढी पुढं आली. ओढणीत पोपडे गोळा केलेले.

“मास्तर, ही दादी. हा डोळा आहे. जोडून द्या.”

पेंटर खाली बसले. एक तुकडा उचलला, त्याचा भुगा झाला. दुसरा उचलला, त्याचाही.

मला राहवेना. म्हटलं, “बाळ, परत काढ की. आता हात बसलाय तुझा.”

तिनं भिंतीकडं बघितलं. “आता तोंड आठवत नाही,” म्हणाली. “काढलं, तेव्हा आठवत होतं.”

तिनं ओढणी पेंटरांच्या ओंजळीत रिकामी केली आणि छावणीच्या पोरांबरोबर निघून गेली. कुठं ठेवावं ते पेंटरांना कळेना. तशीच ओंजळ धरून बसून राहिले.