क्लचबाईंचं इंजिन

"ते धूड आधी टेबलावरून उचला, मग काय भांडायचं ते भांडा," सासूबाई पुन्हा म्हणाल्या आणि पुन्हा कोणी ऐकलं नाही.

धूड म्हणजे घरच्या लाल गाडीच्या इंजिनाचा ब्लॉक. जेवणाच्या टेबलाच्या मधोमध, जुन्या चादरीवर, खाली दोन फळ्या घालून, पोट वर करून तो पडला होता. पोटात क्रँक, म्हणजे पिस्टन वरखाली करणारा जाडजूड दांडा, बसवलेला होता आणि जागोजागी कणकेचे गोळे चिकटवलेले होते. सासूबाईंचा खरा राग कणकेवर होता. सकाळी मळून झाकून ठेवलेला गोळा दुपारी निम्मा झाला होता.

"आई, उचलते. पण आधी ह्यांना हो म्हणू दे," सूनबाई म्हणाल्या.

"हे हो म्हणणार नाहीत," त्यांचे यजमान शांतपणे म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. त्यांनी चष्मा पुसायला घेतला की विषय संपला, असा घरातला नियम होता. तो फक्त सूनबाई पाळत नसत.

यजमानांना सगळे मिस्त्री म्हणत. घराखाली त्यांचं क्रँकशाफ्ट घासून द्यायचं वर्कशॉप. वाकलेले, झिजलेले, तडकलेले क्रँक लांबलांबून त्यांच्याकडे येत आणि काचेसारखे चकचकीत होऊन परत जात. हौशी पोरंही येत. गाडीचं इंजिन 'स्ट्रोकर' करून द्या म्हणत. म्हणजे क्रँकचा फेरा मोठा करायचा. सायकलच्या पेडलची दांडी लांब केली की पाय मोठ्या गोलात फिरतो, तसं. पिस्टनची धाव वाढते, एकेका दमात जास्त हवा, जास्त पेट्रोल आत जातं आणि तेवढ्याच इंजिनाची ताकद वाढते. मिस्त्री त्या पोरांना चहा पाजत, सगळं ऐकून घेत आणि नाही सांगून परत पाठवत. कित्येक वर्षं हे असंच चाललं होतं. आता तीच मागणी वरच्या मजल्यावरून आली होती.

"पोरांना सांगतो तेच तुला सांगतो," मिस्त्री म्हणाले. "फेरा वाढला की पिस्टनला तेवढ्याच वेळात जास्त पळावं लागतं. मग वरचे आरपीएम विसरायचे. क्रँकला पिस्टनशी जोडणारा रॉड जास्त तिरका होतो, पिस्टन भिंतीला रेटतो, भिंत झिजते. एवढा सगळा खटाटोप करून शेवटी हॉर्सपॉवरचे घोडे किती वाढणार? मुठीत मावतील एवढे."

"मूठ कुणाची, त्यावर आहे."

"अगं, विनोद नको. हिशेब सांगतोय."

"म्हणून तर मी म्हणतो वहिनी," धाकटे दीर सोफ्यावरून बोलले. ते जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकत आणि कुठल्याही घरगुती भांडणात त्यांना एखादा सुटा भाग खपवायची संधी दिसे. "माझ्याकडे मोठं इंजिन तयार पडलंय. उचला आणि टाका. कापाकापी नको, कणीक नको."

"तुमचं इंजिन टाकलं की गाडीचं नाक जड होतं, भाऊजी. मग वळ म्हटलं तरी सरळच जाते. तुमच्यासारखी. शिवाय शर्यतीतला माझा गट बदलतो. दांडग्या गाड्यांच्यात जाऊन शेवटून पहिली येऊ?"

"तसंही पहिली कुठे येता?"

"तू गप रे," सासूबाई धाकट्यावर खेकसल्या. सुनेला बोलायचा हक्क त्या कोणाशी वाटून घेत नसत.

सूनबाईंना गावभर क्लचबाई म्हणत. त्या गाडी शिकवायच्या. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. शिकणारा गोंधळला की शिकवणाऱ्याने तो दाबायचा. त्या दिवसभर तेच करत. "क्लच... क्लच... अहो, क्लच!" असा त्यांचा आवाज चौकातून आला की पायी चालणारे आपोआप फुटपाथवर चढत. नवरा मेल्यावर एकट्याने दुकान चालवणाऱ्या बायका, घाबरट कारकून, मुलाने परदेशातून गाडी घेऊन दिलेले निवृत्त मास्तर, सगळ्यांना त्यांनी रस्त्यावर आणलं. मास्तर तर पहिले पंधरा दिवस क्लचवर पायच ठेवत नसत. गाडी बाईच चालवायच्या, मास्तर नुसते स्टिअरिंग धरून बसायचे आणि घरी जाऊन सांगायचे, आज छान जमलं.

वर्षातून एक दिवस मात्र गाडी त्यांची असे आणि क्लचही त्यांचा. शहराबाहेरच्या डोंगरावर शर्यत होई. रस्ता बंद करायचे आणि गाड्या एकेक करून घड्याळाशी झुंजत वर जायच्या. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी मिस्त्रींची छोटी लाल गाडी घेऊन त्या गंमत म्हणून गेल्या होत्या. वर पोचून खाली उतरल्या तेव्हा चेहरा असा होता, की मिस्त्रींनी त्या दिवसापासून गाडीची किल्ली परत मागितली नाही. तेव्हापासून एकही वर्ष चुकलं नव्हतं. बक्षीस दोनदा मिळालं. दोन्ही कप सासूबाईंच्या खिडकीत होते, एकात सुया आणि एकात रबरबँड.

मागच्या वर्षी घोटाळा झाला होता. वरच्या टप्प्यातल्या गाडीला उलटं फिरवणाऱ्या एका हेअरपिन वळणावर सेकंडमधून फर्स्टला यायचं होतं. पाय क्लचपर्यंत गेला, पण दाबला गेला नाही. डाव्या गुडघ्यात कोणी खिळा ठोकावा तसं झालं. गिअर करकरला, गाडी आचके देत देत वळणातून कशीबशी निघाली. वर पोचल्यावर त्यांनी सगळ्यांना सांगितलं, गिअर अडकत होता.

त्यानंतर त्यांच्या पर्समध्ये मलमाची ट्यूब आली. घरी यायच्या आधी कोपऱ्यावरच्या दुकानातून गोठवलेल्या मटारची पिशवी घ्यायच्या, गाडी झाडाखाली लावायच्या, पिशवी गुडघ्यावर ठेवून बसायच्या. डॉक्टर म्हणाले, क्लच कमी करा. हे ऐकून त्यांना हसू आलं होतं. मटार मात्र घरी इतके साठले, की सासूबाईंनी विचारलं, दुकान काढायचंय का?

मग गेल्या महिन्यात त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्यांना आपली गाडी फिरवायला दिली. दुसऱ्या शहरातून स्ट्रोकर करून आणलेली. मिस्त्रींनी ज्यांना परत पाठवलं होतं, त्यांतलाच एक. त्याने मुद्दाम दिली असणार, मिस्त्रींना टोमणा म्हणून. बाईंनी ती डोंगराखालच्या पहिल्या वळणापर्यंत नेली. हेअरपिन आलं. सवयीने हात गिअरवर गेला, आणि मग त्यांनी तो मागे घेतला. गाडी सेकंडमध्येच होती, वेग पार उतरला होता, त्यांचं लाल इंजिन अशा वेळी गुदमरतं. हे गुदमरलं नाही. खालून, तळातून काहीतरी उठलं आणि गाडीला वळणातून बाहेर ढकललं. डावा पाय जमिनीवर नुसता पडून होता. त्यांनी परत फिरून तेच वळण पुन्हा घेतलं. आणि पुन्हा. गाडी परत देताना पोराने विचारलं, "कशी वाटली?" बाई म्हणाल्या, "बरी आहे." आणि घरी येऊन वर्कशॉपचं दार उघडं ठेवायला टेकू म्हणून लावलेला क्रँक उचलला, लाल गाडीचं इंजिन खोलायला काढलं.

तो क्रँक त्याच कंपनीच्या मोठ्या गाडीचा होता. लाल गाडीच्या ब्लॉकमध्ये तो जागच्या जागी बसतो, हे मिस्त्रींनीच कधीतरी बोलताना सांगितलं होतं. मोठा फेरा घेताना रॉड ब्लॉकला खालून कुठे घासतो, ते कळायला चिकणमाती लावून क्रँक हाताने फिरवतात. मग माती कापून बघायचं, किती जाड उरली, तेवढी फट. घरात माती नव्हती, कणीक होती. तीन सिलिंडरांना फट मिळाली. चौथ्यात रॉडच्या बोल्टचं डोकं कणीक चिरून थेट लोखंडाला टेकलं.

"आणि चौथ्याचं काय?" मिस्त्रींनी आता चष्मा घातला आणि नेमकं तिथेच बोट ठेवलं. "ब्लॉक ओतताना साचा सरकलाय. इथे खाच कापावी लागणार. ह्या भिंतीपलीकडे इंजिन गार ठेवणारं पाणी खेळतं. केसभर जास्त कापलं की भोक. मग हा ब्लॉक भंगारात आणि तुझी गाडी फुलझाडं लावायला."

"नाही पडणार भोक."

"कशावरून?"

"हळू कापीन."

"पण कशासाठी? ते सांग ना. कधीपासून विचारतोय. वेगासाठी म्हणशील, तर वाढत नाही. नंबरासाठी म्हणशील, तर आपल्या गटात सगळेच पुढचे गाडीने नाही, वळणांनी जिंकतात. तूच सांगतेस हे. मग हवंय कशाला? कुणी चिडवलं म्हणून?"

प्रत्येक शब्द बरोबर होता. बाई कणकेचा एक गोळा काढून बोटांत वळत राहिल्या.

"तिला काय विचारतोस, तिच्या जिन्याला विचार," सासूबाई म्हणाल्या.

"काय?"

"जिना उतरताना बघ तिला. डावा पाय आधी, मग उजवा, मग थांबायचं. एकेका पायरीवर दोन्ही पाय. मी तसंच उतरते. माझं वय काय, हिचं काय? आणि एवढे मटार काय मी खाते?"

भाऊजी सोफ्यावरून उठले, पुन्हा बसले. मिस्त्रींनी बायकोच्या पायाकडे पाहिलं. इतक्या वर्षांत प्रथमच पाहत असल्यासारखं पाहिलं.

"कधीपासून?"

"मागच्या शर्यतीच्या आधीपासून."

"मागच्या..." मिस्त्री थांबले. "म्हणजे गिअर?"

"अडकला नव्हता."

"मी अख्खा गिअरबॉक्स सोडवला होता. दोनदा! काही सापडेना म्हणून झोप लागेना मला. चांगल्या चकत्या काढून नव्या घातल्या. आणि तू शेजारी बसून मला पाने देत होतीस!"

"अहो, मग काय सांगायला हवं होतं?"

"खरं!"

"खरं सांगितलं असतं, तर तुम्ही मला इंजिन दिलं नसतं. उशी दिली असती."

मिस्त्री म्हणाले, "मग बरोबरच केलं असतं. पाय गेलाय म्हणतेस आणि डोंगर चढायला निघालीस. ह्या वर्षी राहू दे. सोडून दे."

"काय सोडू?"

"शर्यत. एक दिवस तर असतो."

"एक दिवसच असतो," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण भाऊजींनी पाय सोफ्याखाली ओढून घेतले. "बाकीचे सगळे दिवस मी दुसऱ्यांचा क्लच दाबते. मास्तरांचा दाबला, मास्तरांच्या सुनेचा दाबला, त्या भाजीवाल्या बाईंचा तर अजून दाबतेय. गुडघा डोंगराने नाही खाल्ला, त्यांनी खाल्लाय. आणि सोडायचा काय, तर डोंगर? सगळी वळणं सेकंडमध्ये निघाली, तर वरपर्यंत मला क्लच मोजून थोडाच लागेल. तेवढा पाय आहे माझ्याकडे. घोडे नकोयत मला. ते तुमच्या पोरांना द्या."

मिस्त्री ब्लॉकवर वाकले. मग हाताने क्रँक सावकाश फिरवला. चौथा रॉड खाली आला, टेकला, थांबला. त्यांनी अंगठ्याच्या नखाने तिथलं लोखंड चाचपलं, जिथे नुसत्या बोटाला काही कळणार नव्हतं तिथे.

"आजवर एकानेही असं मागितलं नाही," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "जो तो वर किती पळेल ते विचारतो. खाली कशी उठेल, ते कुणी विचारत नाही." मग एकदम कारागिराच्या आवाजात, "बोल्टचं डोकं थोडं घासता येईल. म्हणजे भिंतीतून कमी कापावं लागेल. पण कापावं लागेलच."

"माहीत आहे."

"माझा हात कापताना थरथरेल. तुझी गाडी आहे म्हणून."

"म्हणजे तू हो म्हणतोयस?" सासूबाईंनी विचारलं.

"मी काहीच म्हणत नाहीये, आई. नाही म्हणायला काही सापडत नाहीये, एवढंच."

"मग वहिनी," भाऊजी आशेने म्हणाले, "पिस्टन तरी माझ्याकडून घ्या. बुटके लागतील. नाहीतर धाव वाढल्यावर वर डोकं काढतील."

क्लचबाईंनी हातातला कणकेचा गोळा टेबलावर ठेवला. हात चादरीला पुसले. खुर्चीच्या पाठीला धरून उठल्या, आणि ह्या वेळी डावा पाय आखडला आहे हे लपवायची तसदी घेतली नाही.

"ऐका सगळे," त्या म्हणाल्या. "पहिल्या तारखेपासून रस्त्यावरची शिकवणी बंद. शिकवणीची गाडी आणि विद्यार्थी मी नाक्यावरच्या पोरीला देतेय, माझ्याकडेच शिकलीय, तिचं शिकवायचं लायसन्स झालंय. मी वर्गात बसून नियम शिकवीन, खुर्चीवर. भाजीवाल्या बाईंना मी स्वतः सांगेन, त्या रडतील. पिस्टन भाऊजींकडून, पण तपासून. ब्लॉक उद्या सकाळी खाली जाईल. बोल्ट तुम्ही घासा, चौथ्याची खाच मी कापणार. भोक पडलं तर माझ्या हातून पडेल. शर्यतीला मी जातेय. आणि आई, आज टेबल मिळणार नाही. ताटं ओट्यावर घ्या."