ओट्यासकट गल्ली

आमच्या गल्लीत कुणी कागद-पेन घेऊन उभं राहिलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "कशाची यादी हाय?" शौचालयाची, घरकुलाची, रेशनची. यादीत नाव आलं तरी काळजी आणि नाही आलं तरी काळजी. हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरीही उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मांडीवर पुठ्ठा घेऊन समाजमंदिराच्या पायरीवर बसले आणि समोरची गल्ली काढायला लागले.

आमचं गाव लोह्याकडचं. मी नांदेडला बी.ए. करते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. चित्रकला हा माझा विषय नाही. होस्टेलच्या खोलीत बसून पोस्टर कलरनं काहीबाही काढायचे, तेवढंच. आमच्या मॅडमनी ते पाहिलं. त्या म्हणाल्या, "लातूरला एका हॉलमध्ये विद्यार्थ्यांची चित्रं लावणार आहेत. तुझी पाठवू. पण आधी तुझ्या गावात लाव. ज्यांची गल्ली आहे त्यांनी आधी बघू दे."

मला आनंद झाला, हे खरं. पण बसमध्ये बसल्यावर डोक्यात दुसरंच सुरू झालं. यात मॅडमचं काय? माझी चित्रं गावात लागली काय आणि नाही लागली काय, त्यांना काय मिळणार? मॅडमविषयी असं मनात यायला नको होतं. पण मी त्याच गल्लीतली आहे.

पायरीवर बसले तर पहिल्याच सकाळी समोरच्या काकू उभ्या राहिल्या. त्या बाबांच्या चुलतभावाच्या बायको. काका वारल्यापासून एकट्याच राहतात.

"काय करून राहिलीस बाई?"

"चित्र काढून राहिले, काकू."

"कामून?"

"असंच."

"असंच कोन उनात बसतंय?" त्यांनी कागदाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "कॉलेजातून लावलंय का?"

"न्हाई."

"मग पैसे देनार हायेत का?"

"न्हाई हो काकू."

"मग कामून?"

कागदावर एक रेघ ओढली की दुसरी ओढावीशी वाटते आणि गल्ली डोळ्यांनी दिसते त्यापेक्षा हातानं जास्त दिसते, असं काहीतरी मला वाटत होतं. पण हे काकूंना कुठल्या तोंडानं सांगायचं? त्या मान हलवत घरात गेल्या आणि थोड्या वेळानं दाराआडून परत बघू लागल्या.

काकूंच्या घरापुढं ओटा आहे. दगडमातीचा. आधी दारापुढं दोन पावलं होता. मग काका दरवर्षी कुठून कुठून दगड आणत गेले आणि तो पुढं सरकत सरकत गल्लीत आला. काकू तो शेणानं सारवतात आणि कडेनं चुन्याची पांढरी रेघ ओढतात. कोपऱ्यात तीन-तीन ठिपके. दर सणाला नव्यानं. आमच्या एका खोलीत टीव्ही आणि माणसं, म्हणून माझा दहावीचा सगळा अभ्यास त्या ओट्यावर झाला. चित्रात मी तो मन लावून काढला. इतर सगळ्यापेक्षा तोच चांगला जमला होता.

चित्रं समाजमंदिरात लावायला बाबांनी गल्लीतल्या चार माणसांना विचारलं. लग्न, मीटिंग, पोलिओचा डोस, पावसाळ्यातलं ग्रंथवाचन, सगळं तिथंच होतं, त्यामुळं कुणी नाही म्हणालं नाही. भिंतीला ऑइलपेंट होता, टेप चिकटेना. मग खिडकीपासून खिडकीपर्यंत सुतळी बांधली आणि कपड्यांचे चिमटे लावून चित्रं टांगली.

संध्याकाळी बायका आल्या. पहिल्यांदा हसल्या.

"अगं, ही माझीच शेळी!"

"शेळीचं तोंड बघ, अगदी तुझ्यावानी."

"आनि हा नळ बघा. चित्रात तरी पानी येऊ द्यायचं की!"

मला वाटलं, झालं. मॅडमना काय सांगायचं ते मी मनात जुळवायला लागले. तेवढ्यात लोह्याच्या एका ऑफिसातून शिपाई म्हणून रिटायर झालेले आमच्या गल्लीतले आजोबा पुढं झाले. गल्लीच्या चित्रापाशी ते बराच वेळ हात मागं बांधून उभे राहिले.

"ह्याच हॉलात परवा साहेब बसनार हाय ना, सिमेंट रोडाच्या मीटिंगला?"

गल्लीत सिमेंटचा रस्ता मंजूर झाला होता. नालीच्या पुढं आलेलं सगळं तोडणार, अशी बोलवा होती. आणि माझ्या चित्रात सगळं आलं होतं. काकूंचा ओटा, एकीच्या न्हाणीचे पत्रे, एकाची पायरी, एकाचा शेळीचा खुंटा. कोण किती पुढं आलंय ते मी रंगवून, चिमटा लावून टांगलं होतं.

"म्हनून चार-चार दिस बसून राहिली व्हती," मागून कुणीतरी बोललं.

"आपलीच पोरगी हाय हो."

"आपलीच हाय म्हनून तर पाठवली आसंल. दुसऱ्याला कोन बसू दिलं आसतं?"

काकू माझ्याकडं बघत नव्हत्या. चित्राकडं बघतच म्हणाल्या, "माझा ओटा पुस."

घरी बाबा म्हणाले, "पुसून टाक की. कागदच हाय." माय काही वेळ भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "त्या ओट्यावर बसून पास झालीस."

मला राग आला होता. चित्र खोटं करायचं कशाला, असंही वाटत होतं आणि चित्रापायी कुणाचा ओटा जावा का, असंही. शेवटी सकाळी मातकट रंग कालवला आणि ओटा बुजवला.

काकूंचा ओटा गेल्याचं कळताच बाकीचे आले. न्हाणीवाली म्हणाली, "माझे पत्रे जरा आत घे." पायरीवाला म्हणाला, "माझी एकच पायरी ठेव, खालची काढ." मी काढली, तर त्याच्या शेजारची भांडायला आली. "त्याची एक पायरी ठेवलीस आनि माझा धुन्याचा दगड सगळाच खाल्लास? काय दिलं त्यानं तुला?"

"काही न्हाई दिलं हो मावशी."

"मग कामून ठेवलीस?"

दुपारपर्यंत गल्ली सरळ झाली. इतकी रुंद की तिथून ट्रॅक्टर वळला असता. सरकारी जाहिरातीत असते तशी.

उन्हं उतरल्यावर काकू आल्या. त्यांनी चित्रावरून बोट फिरवलं.

"हे कुनाचं घर?"

"तुमचंच की."

"हे?" त्या वाकून बघू लागल्या. "दार उघडलं की मानूस नालीत पडंल."

मी ब्रश धुवायला घेतला.

"बोडकं दिसतंय," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी, मीटिंगच्या सकाळी, मी दात घासत होते तेव्हाच त्या दारात.

"परत काढ."

"साहेब येनार हायेत ना आज?"

"साहेबाला डोळे न्हाईत का? भाईर आला की दिसनारच हाय. काढ."

मी काढला. पोस्टर कलरचे थरावर थर बसले की कागद जड होतो, वाळल्यावर पोपडे धरतो. नवा ओटा थोडा फुगीर झाला. काकू शेजारी उकिडव्या बसून बघत होत्या. कडेची पांढरी रेघ ओढताना मी विचारलं, "काकू, ही चुन्याची रेघ तुम्ही दर सणाला कामून ओढता? पावसात जातेच की."

त्या चमकल्या. "कोन इचारायला लावलं तुला?"

"कुनी न्हाई. मीच."

त्यांना ते पटलं नाही. फक्त एवढंच म्हणाल्या, "कोपऱ्यात तीन ठिपके असतेत. तू दोनच दिलेस."

बाकीच्यांचे पत्रे आणि दगड परत काढायला वेळ मिळाला नाही. कुणी काढ म्हणूनही आलं नाही. त्यामुळं त्या सरळ, रुंद गल्लीत एकट्या काकूंचाच ओटा पुढं आलेला राहिला. चित्र उतरवून ठेवते म्हटलं तर काकूच म्हणाल्या, "राहू दे. लपवलं म्हनतील."

साहेब आले. पाणी प्यायले. मग त्यांची नजर सुतळीकडं गेली.

"कुणी काढलं? कुठल्या योजनेतून?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी उठून उभी राहिले. "असंच, सर."

"असंच?" ते हसले. खिशातून मोबाइल काढला आणि गल्लीच्या चित्राचा फोटो घेतला. हॉलमध्ये एवढी शांतता झाली की बाहेरची शेळी ऐकू आली. त्यांना चित्र आवडलं होतं की आणखी काही होतं, मला आजही ठाऊक नाही. मग ते बाहेर गेले, टेप धरायला लावला आणि गल्लीभर मापं घेतली. पत्र्यांवर, पायऱ्यांवर, दगडांवर लाल खुणा पडल्या. काकूंच्या ओट्यावर ती मधोमध पडली.

खूण सगळ्यांनाच झाली होती, मग फोटोचा काय संबंध, असं बाबा दोघा-तिघांना सांगून आले. ऐकणाऱ्यांनी मान डोलावली. पण मी नळावर गेले की बोलणं थांबायचं. एकदा घागर उचलताना कानावर आलंच : "फुकट कोन काढतंय एवढं?"

सुट्टी संपत आली. नांदेडला निघायच्या आदल्या दिवशी मी चित्रं वर्तमानपत्रात गुंडाळत होते. काकू आल्या.

"ते गल्लीचं कुठं हाय?"

"लातूरला पाठवायचंय, काकू. मॅडमनी मोबाइलवर फोटो बघून तेच निवडलंय."

"मला दे."

"कशाला?" माझ्या तोंडून पटकन निघालं आणि जरा जास्तच कडक निघालं. आता तुम्हाला कशाला हवंय? फाडायला? कुणाला दाखवायला?

काकूंनी माझ्याकडं नीट पाहिलं. "तू सांगितलं व्हतंस का आमाला, कशाला काढलंस ते?"

मॅडमना फोन केला. ते एक चित्र नाही येणार, बाकीची घ्या, असं मी म्हणाले. त्यांनी विचारलं, "का गं? तेच तर चांगलं होतं. कुणी काही बोललं का?" मी नाही म्हणाले. त्यांचा विश्वास बसला नसावा.

चित्र घेऊन मी काकूंकडं गेले. त्यांनी आतल्या खोलीत, धान्याच्या कोठीच्या वर भिंतीत खिळा आधीच ठोकून ठेवला होता. चित्र लावलं. दोन पावलं मागं सरकून त्यांनी पाहिलं, पुन्हा पुढं होऊन तिसऱ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मग मला म्हणाल्या, "भाईर जाऊन बघ. गल्लीतून दिसतंय का कुनाला?"

मी लाल खूण ओलांडून ओट्याच्या कडेला गेले. तिथून वाकून, डोळ्यांवर हात धरून आत पाहिलं. अंधारात फक्त काकूंचं लुगडं दिसत होतं.

"न्हाई दिसत," मी म्हणाले.

"नीट बघ," त्या आतून म्हणाल्या.