परब आला, सेव्ह करा

हे आजवर कोणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, बहिणीपाशी नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही परबला ओळखत नाही.

कॉम्प्युटरवाल्यांच्या ऑफिसात कधी बसलायत का? एरवी प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागणारी माणसं — पण शुक्रवारी नवा प्रोग्राम चालू करणार नाहीत. जे चालतंय त्याला हात लावणार नाहीत, आणि ते का चालतंय हे कळत नसेल तर मुळीच नाही. साहेब मागे येऊन उभे राहिले की डेमो बंद पडतो, यावर सगळ्यांची श्रद्धा. मला याची फार गंमत वाटायची. अशी एखादी समजूत मुद्दाम तयार करता येईल का? — हा प्रश्न मला पडला. प्रश्न वाईट नव्हता. पुढचं वाईट होतं.

अंधेरीचं ऑफिस, जाडजूड मॉनिटरांचा जमाना. नेटवर्क माझ्याकडे होतं, म्हणजे सगळ्यांच्या मशीनच्या किल्ल्याच माझ्या हातात. परब माझ्याच वयाचा, मालवणकडचा. बँकांसाठी प्रोग्राम लिहायचा, आणि त्याने लिहिलेलं सहसा दुरुस्त करावं लागत नसे. एक एप्रिलला मी त्याच्या लॉगिनला एक छोटासा प्रोग्राम चिकटवला. त्याने आपल्या नावाने मशीन उघडलं की थोड्या वेळाने ते आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचं. एवढंच. संध्याकाळी सांगून टाकायचं, सगळ्यांनी हसायचं, भजी मागवायची.

संध्याकाळी सांगितलं नाही. का? — दुपारपासूनच बघण्यासारखं काहीतरी व्हायला लागलं होतं. परबचं मशीन बदललं, तरी तेच. जागा बदलली, तेच. दुसऱ्याच्या मशीनवर बसवला, तेच. मंडळी हुशार — एकेक शक्यता काढून टाकत गेली, आणि शेवटी उरला परब. लॉगिन कोणी तपासलं नाही? तपासायचं काम माझं होतं. मी म्हटलं, तपासलं, ठीक आहे.

"मियां कायएक करूक नाय हां!" परब दोन्ही हात वर करून ओरडायचा, आणि अख्खा फ्लोअर हसायचा. मग ती रोजची हाकच होऊन गेली. तो दारातून आत शिरला की कोणीतरी पुकारायचं, "परब आला रे, सेव्ह करा!" आणि लोक खरोखर सेव्ह करायचे. पुढे पुढे तो स्वतःच दारातून सांगायला लागला — "सेव्ह करा रे, मी येतोय."

महिनाअखेरीस मी तो प्रोग्राम काढून टाकला. म्हटलं, आता विरेल. कसलं काय! मशीनं तेव्हा तशीही बंद पडायचीच, पण परब आसपास असताना पडलेली तेवढीच लोकांच्या लक्षात राहायची. प्रिंटरमध्ये कागद अडकला — परब. वीज गेली — परब. दसऱ्याला सर्व्हरची पूजा असायची, आरत्या परबला पाठ, दरवर्षी तोच म्हणायचा. त्या वर्षी त्याला सांगण्यात आलं, तू बाहेरूनच म्हण. त्याने बाहेरून म्हटल्या. मी आत, हातात प्रसादाचं ताट घेऊन उभी. समजूत एकदा तयार झाली की तिला करणारा लागत नाही — हे मी डोळ्यांनी बघत होते, आणि खरं सांगू? — मला ते फार मनोरंजक वाटत होतं.

मग एका बँकेत नवी यंत्रणा बसवायला माणूस पाठवायचा होता. प्रोग्राम परबचे, त्यामुळे जाणार तोच, हे धरूनच चाललेलं. मीटिंगमध्ये साहेब हसत म्हणाले, "परबला नको यार, बँकेची वाट लागेल." सगळे हसले. परबही हसला, पण त्याने मान वर केली नाही. मग माझं नाव निघालं. तेव्हा तरी बोलायचं होतं ना? एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, "चालेल."

त्या कामावर माझी पुढची सगळी नोकरी उभी राहिली. परब काही काळाने ॲडमिनला गेला — गेटपास, खुर्च्या, चहावाल्याचं बिल. स्वतः मागून घेतलं म्हणे. प्रोग्राम त्याने पुन्हा लिहिले नाहीत.

आता मी घाटकोपरच्या ऑफिसात आहे. परवा टीममधली एक मुलगी डबा खाताना सांगत होती, "मॅडम, अंधेरीला एक माणूस होता म्हणे, तो आला की लिफ्टसुद्धा बंद पडायची." गोष्टीतला लिफ्टचा भाग नवीन होता. मी विचारलं, कोण होता? "नाव कोणालाच माहीत नाही," ती म्हणाली. मला हायसं वाटलं. परबसाठी नाही — माझ्यासाठी.

आणि गेल्या महिन्यात मुलुंडला एका जुन्या सहकाऱ्याची वास्तुशांत झाली. परब सपत्नीक आला होता. केस पार पांढरे. यजमानांच्या सुनेला काही ठाऊक नव्हतं, तिने लॅपटॉप त्याच्यापुढे धरला — "काका, टीव्हीवर फोटो लावता का जरा?" मला वाटलं, आता हात वर करून मालवणीत काहीतरी फेकेल. त्याने हात पाठीमागे घेतले.

"नको गं, माझा हात नको."

"घरी मोबाइलचंसुद्धा मीच बघते," त्याची बायको म्हणाली. तक्रारीच्या सुरात नाही, एखाद्याला गोड चालत नाही म्हणून सांगावं तसं. "ह्यांनी धरला की बंदच पडतो."

मी लॅपटॉप घेतला. वायर जोडली, फोटो लावले.

"बघ," परब म्हणाला, "तुझ्या हाताला कसं पटकन चालतं."

"हो," मी म्हटलं.