सेनापतीचे पडणे

यंदाच्या तुये गावच्या जत्रेत दशावतारी नाटकातला सेनापती प्रवेशालाच धोतरात पाय अडकून पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी बसलेले याच मंडळीतले एक म्हातारे नट मान खाली घालून गुडघा चोळत होते. तरुणपणी सेनापती होऊन आले असताना आपण खरेच असे पडलो होतो, असे त्यांनी मला सांगितले. तेव्हापासून मंडळीतला प्रत्येक सेनापती मुद्दाम पडतो. त्यांची तलवारबाजी मात्र कोणी उचलली नाही.

"आज सांगतंय तेंका, ह्यां पडणां बंद करा," म्हणत ते उठले. मी मागोमाग गेलो.

पडद्यामागे नव्या सेनापतीने त्यांचे पाय धरले. "आजो, कसो पडलंय?"

म्हाताऱ्याने त्याला नीट न्याहाळले. "पडलंस बरो. पण कूस चुकली. उजव्या कुशीर पडाक व्हया."

मग त्यांनी पडून दाखवले.